मापात पाप आणि पेठेचे नाव

एखाद्या गावाचे नाव मालालाच पडावे, याहून मोठी जाहिरात त्या गावाला मिळत नाही. नागपूरची संत्री, सांगलीची हळद, जळगावची केळी ही उदाहरणे सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण आमच्या वऱ्हाडातल्या एका गावाला हा मान दीडशे वर्षांपूर्वी मिळाला होता आणि तोही साता समुद्रापलीकडे. लिव्हरपूलच्या कापूस बाजारात 'ऊमरा' नावाचा माल विकला जाई. ऊमरा म्हणजे उमरावती, म्हणजे आपली अमरावती. साहेबाच्या जिभेला पूर्ण नाव पेलले नाही, म्हणून अर्धेच राहिले. पुढे पुढे अमरावतीचाच काय, वऱ्हाड आणि खानदेशातला बराचसा कापूस या एकाच नावाखाली जाऊ लागला. वर्ध्याकडचे हिंगणघाट हेही असेच मालाचे नाव झालेले गाव.

आज लिहायचे आहे ते मात्र मुख्यतः खामगावबद्दल. मी त्याच भागातला, आमचे गाव खामगावपासून चार कोसांवर. 'बाजाराला जाणे' म्हणजे आमच्याकडे खामगावला जाणे. या पेठेचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकत राहिली. गिऱ्हाइकाला फसवू नये असे कायदे आपल्याकडे काही आज झालेले नाहीत, ते फार जुने आहेत. पण ते कोणत्या गिऱ्हाइकासाठी झाले, आणि कोणाचा नंबर कधी लागला, तो क्रम पाहण्यासारखा आहे.

जुन्या गॅझेटियरात नोंद आहे की १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी खामगावात दुकाने घातली. विकायला काय, तर तूप, सूत आणि थोडासा कापूस. आगगाडी नव्हती. कापूस बैलांच्या पाठीवर लादून जाई, कधी मुंबईकडे, तर कधी पार गंगेकाठी मिर्झापूरला. वाटेत पाऊस लागला की माल भिजे, धूळ बसे, आणि पोचेपर्यंत रुईचा रंग कसा झालेला असेल याची कल्पनाच केलेली बरी.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि साहेबाला एकदम वऱ्हाड आठवले. भाव असे चढले की तसे पुन्हा कित्येक वर्षे दिसले नाहीत. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले, पण तोवर वऱ्हाड कापसाला जुंपले गेले होते. १८६७ पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. खामगाव मुख्य मार्गावर नव्हते. तेव्हा जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा एक फाटा खास कापसासाठी टाकला गेला. १८७० मध्ये त्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. आठ मैलांच्या रुळांसाठी व्हाइसरॉय! यावरून खामगावच्या कापसाची तेव्हाची किंमत समजावी. त्या काळात हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या कापूस बाजारांत खामगावची गणना होई. त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई इंग्लंडला जोडली गेली आणि लिव्हरपूलचा भाव दिवसाच्या आत वऱ्हाडात कळू लागला. व्होल्कार्ट, रॅली अशा परदेशी पेढ्यांचे खरेदीदार इथे येऊन बसू लागले.

आता फसवाफसवीकडे वळू. कापसात पाणी मारायचे म्हणजे वजन वाढते. सरकी ठेवायची, माती मिसळायची, गासडीच्या पोटात जुना डागी कापूस दडपून वर चांगल्या कापसाचा थर द्यायचा. याच्या तक्रारी इतक्या जुन्या आहेत की मुंबई सरकारने १८२९ सालीच त्याविरुद्ध नियम केला होता. १८६३ मध्ये तर 'कॉटन फ्रॉड्स ॲक्ट' नावाचा कायदाच आला. तपासनीस नेमले, गासडीमागे फी बसवली, भेसळ करणाऱ्याला शिक्षा ठरवली. तो कायदा मुंबई इलाख्यापुरता होता, पण वऱ्हाडचा कापूस मुंबईच्याच बंदरातून जहाजावर चढे, तेव्हा त्याची झळ इकडेही लागली. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी, देशी आणि गोऱ्या दोघांनीही, त्या फीविरुद्ध पुष्कळ कुरकूर केली. पुढे १८७८ मध्ये कायदा बदलला आणि मग काही वर्षांत गुंडाळलाही गेला.

मला यात दिसते ते हे. आपल्या मुलखातला ग्राहक संरक्षणाचा हा इतका जुना आणि इतका कडक कायदा ज्या ग्राहकासाठी झाला, तो सहा हजार मैलांवर मँचेस्टरला राहत होता! त्याला पाणी मारलेला कापूस मिळू नये म्हणून इथे माणसांना शिक्षा होणार होती. पण त्याच बाजारात गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला काट्यावर कोणी मारले, तर त्याच्यासाठी त्यात एक ओळही नव्हती.

साहेबांच्या अहवालांत भेसळीचे खापर बहुधा रयतेच्या माथी फुटलेले दिसते. माझ्या शेतकरी मनाला ते पटत नाही, आणि हिशेबानेही पटत नाही. कापूस शेतातून जहाजापर्यंत किती हातांतून जाई ते पाहा. पीक उभे असतानाच सावकाराचा त्यावर डोळा, मग गावातला खरेदीदार, मग दलाल, मग जिन, मग प्रेस, मग मुंबईचा आडत्या. बायकांनी निगुतीने वेचलेल्या स्वच्छ कापसाला आणि कवडी मिसळलेल्या कापसाला गावात भाव एकच मिळत असेल, तर निगुतीने वेचायचे कशाला? स्वच्छ मालाचा जास्तीचा पैसा वरच्या वर वाटला जाई, तो बांधापर्यंत उतरत नसे.

हिंगणघाटचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथली 'बणी' जात लांब, रेशमासारख्या धाग्याची. हिंगणघाट हे नाव तिच्यामुळेच बाजारात गाजले. मग आखूड धाग्याची 'जरी' जात आली. धागा जाडाभरडा, पण रुईचा उतारा जास्त आणि पीकही हमखास. मिसळून विकायला सोपे. काही वर्षांत बणी मागे पडली, जरीचे राज्य झाले, आणि ज्या धाग्याने गावाचे नाव झाले होते तोच धागा त्या नावाखाली मिळेनासा झाला. यात कोणी एक गुन्हेगार नव्हता. प्रत्येकाने आपापला चार पैशांचा फायदा पाहिला, आणि पिढ्यान्‌पिढ्या कमावलेले गावाचे नाव सगळ्यांनी मिळून खर्चून टाकले.

वऱ्हाडात यावर एक वेगळा उपाय निघाला आणि त्याचा मला अभिमान आहे. शेतमालाच्या नियंत्रित बाजाराचा विषय निघाला की पाठ्यपुस्तकांत पहिले नाव येते ते कारंजा लाडचे. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने तिथे कापसाचा बाजार नियमात आला. (वऱ्हाडचा कारभार तेव्हा हैदराबादच्या रेसिडेंटकडे होता, हे नव्या पिढीसाठी सांगतो.) त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी 'कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ' आला. अमुक जागा हीच बाजाराची, तिच्याबाहेर कापसाचा बाजार भरवायचा नाही. बाजाराला एक समिती. दलालांना आणि मापाऱ्यांना परवाना. फी ठरलेली. आज आपण 'बाजार समिती' म्हणतो तिचे मूळ हे.

पण त्या समितीवर बसत कोण? व्यापारी आणि नगरपालिकेची मंडळी. शेतकरी नाही. बाजाराच्या फीतून उरलेला पैसा नगरपालिकेच्या तिजोरीत जाई. गावाला त्याचा फायदा झाला हे खरे, पण ज्याच्या गाडीमागे फी घेतली त्याच्या बैलांना सावली मिळाली का, हे विचारणारा समितीत कोणी नव्हता. १९२८ मध्ये लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही शेती आयोगाने अहवाल दिला, त्यात वऱ्हाडच्या बाजारांची पद्धत इतर प्रांतांनी घ्यावी अशी शिफारस केली आणि त्याचबरोबर नेमका हा दोषही दाखवला. साहेब झाला म्हणून सगळेच वाईट म्हणायचे कारण नाही. आयोगाने खेडोपाडीच्या बाजारांतल्या लबाड्या चांगल्या नोंदवून ठेवल्या आहेत.

त्यातली एक मी आजोबांच्या तोंडून ऐकलेली. रुमालाखालचा सौदा. घेणारा आणि दलाल हातावर रुमाल टाकत आणि खाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. गाडीचा मालक दोन हातांवर उभा, पण त्याच्या मालाचा भाव काय ठरला हे त्यालाच ठाऊक नाही! मग वजनातून कडता, वर तोलाई, हमाली, दलाली, धर्मादाय, गोरक्षण. धर्मादायाला कोण नाही म्हणणार? गाईच्या नावाने कापलेल्या पैशाबद्दल तक्रार करणे म्हणजे पाप. आजोबा म्हणत की घरी येईतो गाडीतला निम्मा कापूस वाटेतच सांडल्यासारखे वाटे. सांडला तर नव्हता. आणि खंडी तरी कुठे एक? मुंबईची खंडी ७८४ पौंडांची, दुसऱ्या पेठेची दुसरीच.

हाच काळ दुष्काळाचाही होता हे विसरता येत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ला वऱ्हाडात माणसे किड्यामुंगीसारखी मेली. कापसापायी ज्वारीचे रान कमी झाले होते, आणि गाडीभर कापूस विकून आलेल्या पैशात कणगीभर धान्य येईना. आगगाडी होती, तारायंत्र होते, लिव्हरपूलचा भाव कळत होता. इथे भाव पडताना जो काटा खोटा चालला असेल, त्याची किंमत कशात मोजायची?

पुढचे कायदे झपाट्याने आले. १९२१ मध्ये कापसासाठी मध्यवर्ती समिती झाली. १९२३ च्या कायद्याने हलका कापूस रेल्वेने चांगल्या कापसाच्या टापूत आणून मिसळण्याला बंदी घालता येऊ लागली. हिंगणघाटचे दुखणे नेमके हेच होते, पण औषध यायला फार उशीर झाला. १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गासडीवर प्रेसचा नंबर आला, म्हणजे खोटी गासडी कुठून निघाली ते उघड व्हावे. मध्य प्रांत-वऱ्हाडात १९३२ आणि १९३५ चे बाजार कायदे, मुंबई इलाख्यात १९२७ आणि १९३९ चे. आणि सगळ्यांच्या जागी महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा, ज्यात समितीवर शेतकऱ्यांना बहुसंख्य जागा मिळाल्या. कारंज्याच्या हुकमापासून धरले तर पाऊणशे वर्षांहून जास्त काळ लागला. पुढे त्या जागांवर खरे शेतकरी किती आणि शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरचे पुढारी किती बसले, तो वेगळा विषय आहे. असो.

आता शेतकऱ्याकडून घरच्या गिऱ्हाइकाकडे. कापसाची गाडी विकली की त्याच पैशातून त्याच पेठेत तेल, मीठ, गूळ, लुगडे घ्यायचे. सकाळी विकणारा असलेला माणूस दुपारी घेणारा होई, आणि काटा दोन्ही वेळा समोरच्याच्या हातात! 'दांडी मारणे' हा शब्दप्रयोग माझे विद्यार्थी शाळा बुडवण्यासाठी वापरत, बाजारात त्याचा अर्थ तराजूच्या दांडीला बोटाने दिलेला हलका झोका. पासंग नसलेला काटा हा बाजारात अपवाद. मापाच्या बुडाशी शिशाचा खळगा आणि त्यावर सरकारी शिक्का असतो, हे कितीजणांनी कधी माप उलटे करून पाहिले?

मी प्राथमिक शाळेत असतानाच दशमान पद्धत आली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे, आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम. १९६२ पर्यंत जुन्या मापांना रजा मिळाली. आम्ही पावकी, निमकी, दिडकी घोकून बसलो आणि गुरुजी सांगू लागले, आता दहाने गुणा. बाजारात तर मौजच होती. एका आण्याचे नवे पैसे सव्वासहा. सव्वा कुठून देणार? घेताना दुकानदार सात घेई, परत देताना सहा देई. आमच्या आईने यावर तोड काढली. ती एक आण्याच्या चार वस्तू एकदम घेई आणि बरोबर पंचवीस पैसे मोजून देई. अक्षरओळख नव्हती तिला. शेर म्हणजे ऐंशी तोळे, किलो म्हणजे सुमारे शहाऐंशी. ही सहा तोळ्यांची तफावत कोणाच्या पदरात पडते याकडे साऱ्या बाजाराचे डोळे लागलेले असत.

तरीही खामगावच्या पेठेबद्दल चांगले सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते चांदीत आहे. खामगावला रजतनगरी म्हणतात. लग्नसराई आली, धनत्रयोदशी आली की दूरदूरच्या जिल्ह्यांतून लोक चांदी घ्यायला इथे येतात. इथे ना चांदीची खाण, ना जवळ मोठे बंदर. लोक येतात ते एकाच गोष्टीसाठी. खामगावच्या चांदीचा टंच खरा, ही ख्याती. आणि चांदीची परीक्षा घेताना होत नाही, मोडताना होते. आजीने घेतलेली तोरडी नातीने तीस वर्षांनी दुसऱ्या गावच्या सराफाकडे मोडायला नेली आणि त्याने टंच काढून मान हलवली, म्हणजे खामगावचे नाव आणखी एका गावात पोचले. चांदीला हॉलमार्कची सोय २००५ साली झाली. त्याच्या कितीतरी आधी इथल्या व्यापाऱ्यांना कळले होते की आपल्यातल्या एकाने हीण घातले तर गिऱ्हाईक त्या दुकानाचे नाव घेणार नाही, ते 'खामगाव' म्हणेल.

हे शहाणपण चांदीत आले आणि कापसात का आले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, चांदी घेणारे गिऱ्हाईक परत येते. तेच घर, तीच लेकबाळ, तेच दुकान. कापसाच्या गासडीचे गिऱ्हाईक समुद्रापार, त्याचे तोंड कोणी पाहिले नाही. आणि विकणारा शेतकरी तर कर्जाने बांधलेला. त्याला फसवले तरी तो पुढच्या वर्षी त्याच दारात येणार, जाणार कुठे? ज्याला दुसऱ्या दारी जाता येते त्याच्याशीच बाजार नीट वागतो. हे व्यापाऱ्यांवर रागाने लिहीत नाही. आमच्या नात्यात दुकानदार आहेत आणि त्यातले बरेच हे वाचतात. एकटा दुकानदार प्रामाणिक राहिला तर शेजारचा हलके माप देऊन दोन पैसे स्वस्त विकतो आणि गिऱ्हाईक तिकडे पळते. म्हणून कायदा लागतो. तो लबाडाला धरतो आणि प्रामाणिकाला दुकान चालवू देतो.

१९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार योजना आली. व्यापारीच नको, सरकारच सगळा कापूस घेईल. सुरुवातीला आम्हाला आनंद झाला, काट्याची भीती गेली. पण रुमाल गेला तरी ग्रेडर आला. गाडीत कोपरापर्यंत हात घालून त्याने जो दर्जा पुकारावा तो आपला. आमची गाडी एका केंद्रावर तीन रात्री रांगेत उभी होती आणि चुकारा हाती पडायला किती दिवस लागले ते आठवूनही नको वाटते. खाजगी भाव चढला की कापूस रातोरात मध्य प्रदेशाच्या हद्दीत जाई. पण हमीभाव नावाची काही गोष्ट असते, हे याच योजनेने आमच्या लोकांच्या अंगवळणी पाडले, हेही तितकेच खरे.

तिकडे पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामातला हा माणूस, साखर-तेल-डाळीच्या लढाईत उतरला. टंचाईचे दिवस होते, मिळेल ते मिळेल त्या भावात घ्यायचे. पुढच्याच वर्षी मुंबईत ग्राहक पंचायत उभी राहिली. तिथे शेजारपाजारच्या घरांनी एकत्र येऊन महिन्याची यादी करायची आणि घाऊक माल आणून वाटून घ्यायचा, ही पद्धत रुजली. तिचे खरे काम बायकांनी केले. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी मंच, वकील नसला तरी चालेल. वेष्टनावर सर्व करांसह कमाल किंमत छापण्याची सक्तीही याच सुमाराची, १९९० ची. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यासाठी १८६३ मध्ये झाले ते खामगावच्या गृहिणीसाठी १९८६ मध्ये. मध्ये १२३ वर्षे गेली.

अजून एक माणूस बाहेरच होता. शेतकरी, पण या वेळी घेणारा म्हणून. २००२ मध्ये बीटी कापूस आला, बियाणे घरचे राहिले नाही, दरवर्षी पाकीट विकत घ्यायचे. बोगस बियाण्याने कितीजणांचा हंगाम गेला हे आमच्या भागात सांगायला नको. तक्रार केली की कंपन्यांचे म्हणणे असे, की हा धंद्यासाठी बियाणे घेतो, हा ग्राहक नाही, त्याने बियाणे कायद्याकडे जावे. वर, बियाणे खोटे होते तर तपासणीला नमुना दाखवा. अहो, शेतकरी बियाणे पेरायला आणतो की नमुना कपाटात ठेवायला? जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात निकाल दिला की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि सगळे बी पेरून टाकणाऱ्याने नमुना राखून ठेवावा ही अपेक्षाच गैर आहे. ती वाक्ये वाचताना मला रुमालाखालची बोटे आठवली.

२०१६ मध्ये राज्याने अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले, तेव्हा बाजार बंद ठेवले गेले होते. २०१९ चा नवा ग्राहक कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. कंपनी हैदराबादची असो की अहमदाबादची, चिखलीच्या शेतकऱ्याला बुलढाण्याला जाऊन भागते.

माझा एक पुतण्या कृषी सेवा केंद्र चालवतो. त्याची बाजू वेगळी आहे आणि ती ऐकायला हवी. तो म्हणतो, पाकीट सीलबंद येते, आत काय ते मलाही माहीत नाही, पण उगवले नाही तर पहिला दगड माझ्या काचेवर. तक्रारीत कंपनीबरोबर त्याचेही नाव लागते. म्हणून गेली काही वर्षे तो प्रत्येक बिलावर लॉट नंबर आणि मुदत स्वतःच्या हाताने लिहितो, शेतकऱ्याची सही घेतो आणि सांगतो, पाकीट फाडताना वरून फाडू नका, लेबल शाबूत राहील असे फाडा, आणि कापूस घरात येईपर्यंत पाकीट, टॅग आणि बिल एकत्र बांधून ठेवा. सुरुवातीला लोक वैतागले, एवढी लिखापढी कशाला म्हणून दोन गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात गेली. गेल्या जूनमध्ये त्यातले एक परत आले.